मुहूर्ताची पावती

पारसभाऊंना 'नाही' म्हणणं सहसा कुणाला जमत नाही, आणि ही गोष्ट त्यांना पक्की ठाऊक आहे. आवाज चढवणारा, दमदाटी करणारा माणूस असता तर मी कधीच राजीनामा तोंडावर फेकून धुळ्याची बस धरली असती. पण हा माणूस रागावतच नाही. हसतो, 'तू तर घरची लेक' म्हणतो, चहा मागवतो, आणि आपण जिथे होतो तिथेच पुन्हा बसून राहतो.

मी दिपमाला. जळगावात भाऊंची सॉफ्टवेअरची कंपनी आहे. कंपनी कसली, खाली दोन खोल्या आणि वर एक, त्या वरच्या खोलीत मी राहते. भाऊंनीच दिली आहे राहायला. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगवाल्यांसाठी वजनकाट्याचा प्रोग्राम आम्ही बनवतो. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजन, रिकामी होऊन परत आली की पुन्हा वजन, आणि निव्वळ कापूस किती भरला त्याची छापील पावती. एवढंच काम. पण आमच्या खान्देशातल्या जिनिंगवाल्यांसारखी चिवट जमात दुसरी नसेल. दोंडाईच्याचा कॉम्प्युटर बाबा आदमच्या काळातला, पारोळ्याचं विंडोज वेगळं, अमळनेरचा डेटाबेस आणखी तिसराच. नवीन घ्या म्हटलं की 'चालतंय ना ताई, कशाला हात लावता?' मग आम्ही प्रोग्राममध्ये एक ओळ बदलली तरी ती या सगळ्यांकडे चालते का, हे बघायचं कोणी? मी. एकीकडे नीट करावं तर दुसरीकडे बिघडतं. माझ्या नाकी नऊ आले होते.

शेवटी मीच त्यावर तोड काढली. माझ्या एकाच कॉम्प्युटरमध्ये मी खोल्या बांधल्या. खोल्या म्हणजे विटांच्या नव्हेत. एका खोलीत दोंडाईच्याला जे जे जुनंपानं आहे ते सगळं, दुसरीत पारोळ्याचं, तिसरीत अमळनेरचं, अशा जेवढ्या मिल तेवढ्या खोल्या. या खोलीतलं त्या खोलीत जाता कामा नये आणि बाहेरचं आत येता कामा नये, हा नियम. एक हुकूम दिला की खोल्या कोऱ्या करकरीत उभ्या राहतात, प्रत्येकीत प्रोग्राम चढतो, मग त्याच्यावर मी रचलेल्या खोट्या गाड्या एकामागून एक काट्यावर येतात. पावती बरोबर निघाली तर खोली हिरवी, चुकली तर लाल. काम झालं की खोल्या आपोआप पाडल्या जातात. मी नुसतं बसून बघायचं. खरं तर बघायचीही गरज नाही, आणि तोच तर माझा डाव होता.

कारण मला जायचं होतं. धुळ्याला, देवपुरात, माझ्या घरी.

माझी लेक रूपा धुळ्याला असते, माझ्या सासूबाईंकडे. नवरा हितेंद्र, त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, ते काही उचलून जळगावला आणता येत नाही. मी शनिवारी जाते, सोमवारी पहाटे परत. हितेंद्र त्याच्या आईला आई म्हणतो, मीही आईच म्हणते, येणारे-जाणारे कोकिळाआई म्हणतात. त्यामुळे रूपाला वाटतं की आई म्हणजे त्याच. मला ती दिपा म्हणते, हितेंद्र म्हणतो ना, म्हणून. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. मीही हसले. आता चार वर्षांची झाली तरी दिपाच म्हणते, आणि आता मला अजिबात हसू येत नाही. फोनवर 'दिपा, तू कधी येणार?' असं विचारते, जशी मी कोणी पाहुणी आहे.

त्यात धुळ्याच्या एका कॉलेजात मला जागा मिळाली. कॉम्प्युटर लॅब सांभाळायची, मुलांना शिकवायचं. दसऱ्यानंतरच्या सोमवारी हजर व्हा आणि आधीच्या ठिकाणाहून मोकळं केल्याचा दाखला आणा, असं त्यांनी सांगितलं. नाही आलात तर पुढचा उमेदवार तयार आहे, हेही सांगितलं.

मी भाऊंकडे गेले. म्हटलं, भाऊ, आता मला सोडा. ते काही नाही म्हणाले नाहीत. कधीच म्हणत नाहीत. उलट मला मिठाई खिलवली. मग हळूच म्हणाले की सीझन तोंडावर आलाय, दर मिलला नवा प्रोग्राम जायचाय, आणि तुझ्या त्या खोल्या तुझ्याशिवाय कुणाला कळत नाहीत. त्या नव्या योगराजच्या कॉम्प्युटरवर त्या हिरव्या करून दाखव, मग खुशाल जा, मी स्वतः पेढे घेऊन तुला धुळ्याला सोडायला येतो. मागच्या दोन्ही सीझनला असंच काहीतरी म्हणाले होते. पण या वेळी अट स्पष्ट होती, म्हणून मला आनंदच झाला. माझ्या खोल्या म्हणजे एक हुकूम. तो काय, योगराजनेही दिला असता.

योगराज माझ्याच वयाचा, पुण्यात नोकरी करून परत आलेला, माझ्या जागेवर घेतलेला. त्याच्या कॉम्प्युटरवर मी सगळं चढवलं, हुकूम दिला. आणि दोंडाईचा लाल. पारोळा लाल. अमळनेर लाल. झाडून सगळ्या खोल्या लाल, आणि सगळीकडे एकच वाक्य: 'रेकॉर्ड सापडला नाही.' माझ्या कॉम्प्युटरवर तीच फाइल, तोच हुकूम, आणि सगळं हिरवंगार.

मी पुन्हा चढवलं. त्याचा कॉम्प्युटर पुसून पुन्हा चढवलं. माझ्या कॉम्प्युटरमधलं सगळं त्याच्याशी एकेक करून ताडून पाहिलं. भाऊ दारात उभे राहून बघायचे आणि मान हलवायचे. एकदा म्हणाले, 'बघ बरं, तू असलीस की चालतं.' आणि इतक्या मायेने म्हणाले, की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती आग मग बिचाऱ्या योगराजवर निघाली. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले की तू काहीतरी लपवाछपवी करतोयस, तुला हे काम अंगावर घ्यायचंच नाही. तो डबा न उघडताच घरी गेला.

मला हळूहळू धाप लागल्यासारखं व्हायला लागलं. वर माझी खोली, खाली माझ्या खोल्या, आणि जिना उतरला की भाऊंचा चहा. सोमवार जवळ येत होता.

दसऱ्याला मला सुट्टी होती. बॅग भरून ठेवली होती. सकाळी भाऊ गाडी घेऊन हजर. नरडाण्याला झुंबरलाल शेठच्या नव्या जिनिंगचा मुहूर्त होता, काटा नवा, कॉम्प्युटर नवा, प्रोग्राम आमचा. 'वाटेत धुळंच आहे, येताना तुला घरी सोडतो,' असं म्हणाले. मी बसले. एरंडोल गेलं, पारोळा गेला, धुळं आलं. पारोळा चौफुलीवरून गाडी गावात वळली असती तर थोड्याच वेळात मी रूपाला सोनं दिलं असतं. गाडी हायवेनेच पुढे गेली. भाऊ म्हणाले, आधी मुहूर्त गाठू. मी काचेतून आपट्याची पानं विकणाऱ्या बायका बघत राहिले आणि मनातल्या मनात भाऊंना जे जे म्हणता येईल ते म्हणून घेतलं.

नरडाण्याला मांडव, सनई, काट्यावर फुलांची तोरणं. आमच्या भागात जिनिंगचा पहिला काटा कापसाचा नसतो. नारळ घेऊन घरच्या लेकीने काट्यावर उभं राहायचं, तिची पावती पहिली. लक्ष्मीचं वजन म्हणतात. मग कापूस. झुंबरलाल शेठची लेक आयुषी सुरतेहून येणार होती आणि तिची गाडी उशिरा धावत होती. इकडे शेतकऱ्याचा पहिला ट्रॅक्टर काट्यावर येऊन थांबलेला, सोबतच्या माणसांची कुरकुर सुरू झालेली. शेवटी शेठ म्हणाले, घ्या वजन, मुहूर्त मागून करू. काट्यावरच्या माणसाने बटण दाबलं.

'रेकॉर्ड सापडला नाही.'

त्याने पुन्हा दाबलं. तेच. कोणीतरी म्हणालं, 'लेक आल्याबिगर काटा कसा हालंन?' आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊंनीही. मी मात्र पडद्याकडे सरकले. हेच वाक्य मी योगराजच्या पडद्यावर इतक्या वेळा वाचलं होतं, की झोपेतही दिसायचं.

आयुषी आली, धावतपळत, केस सावरत. नारळ घेऊन काट्यावर उभी राहिली. काट्यावरच्या माणसाने 'मुहूर्त' नावाचं वेगळं बटण दाबलं, पावती निघाली, टाळ्या पडल्या. मग ट्रॅक्टर चढला आणि त्याचीही पावती सुरळीत निघाली. लोकांनी हात जोडले. मी हात जोडायच्या मनःस्थितीत नव्हते. मला माझा नोकरीचा पहिला दिवस आठवला. ऑफिसात एक छोटा काटा आहे, प्रोग्राम तपासायला माझ्याच कॉम्प्युटरला जोडलेला. भाऊंनी मला त्याच्यावर उभं केलं होतं, हातात नारळ देऊन. मला वाटलं, गंमत आहे. योगराज आला तेव्हा हे काही झालं नव्हतं. तो लेक नव्हता ना.

परतीच्या वाटेवर मी भाऊंना विचारलं की सीझन कधी सुरू झाला हे प्रोग्रामला कसं कळतं. ते खुलले. तो भाग त्यांनी स्वतः लिहिला होता, तरुणपणी. पहिली पावती असते तो सीझनचा पहिला दिवस, तिथून पुढचं सगळं मोजायचं. मी म्हटलं, आणि पहिली पावतीच नसली तर?

'मुहूर्ताशिवाय मिल कोण सुरू करतं?' भाऊ म्हणाले. त्यांना खरंच नवल वाटलं होतं.

हेच ते. भाऊंनी तसा कधी विचारच केला नव्हता, आणि खान्देशात एवढ्या वर्षांत तशी वेळ कुणावर आलीही नव्हती. बोलता बोलता धुळं मागे पडलं. जळगावहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता, भाऊंना तातडीने परतायचं होतं, आणि मी माझ्याच विचारात इतकी बुडाले होते की चौफुली कधी गेली ते कळलं नाही. पारोळ्याचा किल्ला दिसला तेव्हा भानावर आले. हितेंद्रचा फोन आला, रूपा नवा फ्रॉक घालून दारात बसली होती म्हणाला. नंतर करते म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी भाऊंचा तो जुना भाग उघडला. तिथे सगळं होतं. खोलीत पहिली पावती सापडली नाही की प्रोग्राम गुपचूप खोलीबाहेर पडायचा आणि कॉम्प्युटरच्या एका जुन्या फोल्डरमध्ये जाऊन शोधायचा. माझ्या भिंतींना एक खिडकी राहून गेली होती. आणि माझ्या कॉम्प्युटरवर त्या फोल्डरमध्ये एकच पावती होती. नाव दिपमाला, माल लक्ष्मी, आणि माझं तेव्हाचं वजन, जे आता सांगण्यात अर्थ नाही. एवढे दिवस दोंडाईचा, पारोळा, अमळनेर, सगळ्या खोल्या माझ्या त्या एका पावतीवर उभ्या होत्या. योगराजकडे ती नव्हती. भाऊ बरोबर बोलत होते, मी असले की चालत होतं.

मी ती पावती पुसली आणि हुकूम दिला. माझ्याही खोल्या सगळ्या लाल झाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा लाल बघून मला बरं वाटलं. मग खिडकी बुजवली. सीझनचा पहिला दिवस मिलने स्वतः भरायचा, पहिली पावती असो वा नसो, असं करून टाकलं. खोल्या हिरव्या झाल्या. उठले, योगराजच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले, म्हटलं, दे हुकूम. एकेक खोली हिरवी होत गेली, शेवटची अमळनेरची. मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, माफी नको ताई, शेवभाजी खिलव. खिलवली. झणझणीत होती, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिखटाचंच आहे असं आम्ही दोघंही धरून चाललो.

भाऊंनी हिरव्या खोल्या पाहिल्या आणि तिथल्या तिथे दाखल्यावर सही केली. एक शब्द फिरवला नाही. मला इतकं अपराधी वाटलं की विचारू नका. या माणसाबद्दल मी काय काय मनात आणलं होतं. रविवारी ते ठरल्याप्रमाणे पेढे घेऊन मला सोडायला निघाले. या वेळी चौफुलीवर गाडी वळली. दाखला पर्समध्ये होता, मी तो दोनदा उघडून पाहिला.

देवपुरात घरापुढे गाडी थांबली. आईंनी भाकरतुकडा ओवाळला, माझ्यावरून आणि भाऊंवरूनही. हितेंद्र सामान काढायला गेला आणि डिकीतून माझ्या बॅगेआधी एक खोकं निघालं. माझा ऑफिसातला कॉम्प्युटर. त्यामागून तो छोटा काटा.

भाऊ खुर्चीत बसून समजावत होते, मला नाही, हितेंद्रला. हिला आता जळगावला यायचं कामच नाही. दिवसा कॉलेज करावं, संध्याकाळी पाच मिनिटं नुसते रंग बघावेत, हिरवा की लाल. लाल दिसला तर तेवढं बघून द्यावं. योगराजला मी दोंडाईच्याच्या मिलमध्ये बसवतोय, तिथे माणूस हवाच आहे. हिने काम इतकं सोपं केलंय की ऑफिसात आता माणूस लागतच नाही. हितेंद्र मान डोलावत होता. त्याला काय, बायको घरी आली आणि वर कॉम्प्युटर. आईंनी तर खोक्यावर हळदकुंकू वाहिलंसुद्धा. 'बठ्ठं घरमाच बसीसन, बरं शे ना मग,' त्या म्हणाल्या. सगळं घरात बसूनच होतंय, हे त्यांना पसंत होतं.

मी दारातच उभी होते, चप्पलही काढली नव्हती. ज्या घरात यायला मी एवढ्या खोल्या बांधल्या, त्या घराच्या बैठकीत माझं ऑफिस माझ्याआधी जाऊन बसलं होतं. आणि मीच ते इतकं सुटसुटीत केलं होतं की डिकीत मावलं. 'भाऊ, नको' एवढं म्हणायचं होतं. तोंडात पेढा होता आणि शब्द त्याच्यामागे अडकला.

भाऊंनी तारा जोडल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. मग त्यांनी पिशवीतून नारळ काढला आणि रूपाला जवळ बोलावलं. म्हणाले, 'चल बेटा, मुहूर्त करू. तू तर घरची लेक.'

रूपाला काय, खेळ. नवा फ्रॉक घालून ती टुणकन काट्यावर चढली, दोन्ही हातांत नारळ धरून. लाल आकडे पळायला लागले, चौदाच्या आसपास थांबायला आले. भाऊंचं बोट 'मुहूर्त'च्या बटणावर गेलं. माझं नाव दिसलं होतं ना त्या पावतीवर, दिपमाला, माल लक्ष्मी. त्या जागी आता रूपा.

मी धावले. तिला काट्यावरून उचललं, नारळ खाली पडला आणि घरंगळत खोक्याखाली गेला. आकडे शून्यावर आले.

'भाऊ, आता पहिली पावती लागत नाही,' मी म्हटलं. 'मी काढून टाकलंय ते. कॉम्प्युटर परत न्या.'

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं होतं. भाऊंचा चेहरा एखाद्या लहान मुलाचा खाऊ हिसकावून घ्यावा तसा झाला, आणि मला त्यांची कीवही आली, हे खोटं कशाला सांगू. पण मी मागे हटले नाही. हितेंद्र एकदा माझ्याकडे, एकदा भाऊंकडे बघत होता. शेवटी भाऊ वाकले आणि काट्याची तार काढायला लागले.

रूपा माझ्या कडेवर हातपाय झाडत होती. मी तिला छातीशी घट्ट धरलं होतं, इतकं घट्ट की माझे हात दुखत होते. झालं बाळा, संपलं, आता मी इथेच राहणार, असं काहीबाही तिच्या कानात बोलत होते. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. एका बाईने तिचा खेळ मोडला होता, एवढंच तिला कळत होतं. तिने माझ्या खांद्यावरून आईंकडे दोन्ही हात पसरले आणि 'आई, आई' करून टाहो फोडला.

'पोर घाबरनी, सोड तिले,' आई म्हणाल्या.

मी सोडलं नाही. तेव्हा रूपाने माझ्या छातीवर दोन्ही हात टेकवून मला मागे ढकललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, 'दिपा, सोड ना मला.'

अगदी माझ्याच आवाजात म्हणाली. इतके सीझन मी भाऊंपुढे उभी राहून म्हणत होते, तसंच.

मी तिला खाली ठेवलं. ती आईंच्या पदरात शिरली. मी चप्पल काढली, तिच्यापासून थोड्या अंतरावर जमिनीवर बसले, आणि ती आपणहून कधी येते त्याची वाट बघायला लागले.